गुणपत्रिका तिची, सही बापाची

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. वय वीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेली. घरच्यांनी न विचारता लग्न ठरवले म्हणून मावशीकडे निघून आली होती. मावशीच्या गावातल्या कॉलेजात पुढचे वर्ष करायचे, एवढेच तिचे म्हणणे. त्यासाठी जुन्या कॉलेजचा दाखला आणि गुणपत्रिका हवी होती. मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज वाचला आणि तिच्याकडे न बघता मला सांगितले, "वडिलांना घेऊन या. त्यांच्या सहीशिवाय कागद देत नाही."

आम्ही परत आलो. दोन दिवसांनी मावशीला तिच्या वडिलांचा फोन. कॉलेजने त्यांना कळवले होते की तुमची मुलगी दाखला मागायला आली होती, बरोबर एक बाई होती.

म्हणजे पाहा. तिचे कागद तिला मिळाले नाहीत, आणि तिची बातमी मात्र तिला न विचारता वडिलांना मिळाली. दोन्ही एकाच खिडकीतून! पुढे लेखी अर्ज, प्राचार्यांची भेट, आणखी तीन खेपा झाल्या. कागद मिळाले तोवर प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. तिचे वर्ष गेले.

क्लार्क दुष्ट नव्हता. "आमच्याकडे असेच असते," असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. मुलगी म्हणजे कोणाची तरी ठेव, कॉलेज म्हणजे ती ठेव सांभाळणारे दुकान, आणि पावती बापाच्या नावाची. माझे भांडण या समजुतीशी आहे.

अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी कायद्याने सज्ञान आहे. १९८९ पासून ती अठराव्या वर्षी मतदान करते. देशाचे सरकार निवडायला तिला बापाची सही लागत नाही, मग स्वतःची गुणपत्रिका घ्यायला का लागावी? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सांगितले की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, तिची प्रत घेता येते. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये कॉलेजांना बजावले. हे दोन हक्क एकमेकांना जोडूनच आहेत. माझे कागद मला मिळावेत, आणि मला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला मिळू नयेत.

यावर ठरलेले उत्तर येते, "फी आईबाप भरतात, त्यांना कळायला नको?" मुलाची फीसुद्धा आईबापच भरतात. पण मुलाची हजेरी कमी झाली म्हणून त्याचे कॉलेज बंद करून लग्न लावून दिल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. मुलीचे मात्र दोन तास बुडाल्याचा मेसेज घरी गेला की चौकशी होते ती अभ्यासाची नव्हे, चारित्र्याची. आणि फीचेच म्हणाल, तर राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. तिथे फी भरते सरकार. मग सही कोणाची घ्यायची? मंत्र्यांची?

दुसरे उत्तर सुरक्षिततेचे. अकरावी-बारावीच्या मुली अल्पवयीन असतात, त्यांच्या पालकांना कळवावेच लागते, हे मान्य. मुलगी आजारी पडली, अपघात झाला तर घरी फोन जायलाच हवा. पण सज्ञान मुलीला घरापासूनच धोका असेल तर? तेव्हा घरी कळवणे म्हणजे तिचा पत्ता देणे. आणि ज्यांना सुरक्षिततेचा एवढा घोर, तीच कॉलेजे शिष्यवृत्तीच्या यादीत मुलीचे नाव, जात आणि मोबाइल नंबर फलकावर लावतात, व्हॉट्सअॅपच्या गटात फिरवतात. रात्री अनोळखी फोन तिला येतात, कॉलेजला नाही.

कोणी म्हणेल, आता सगळे डिजिलॉकरमध्ये आहे, खिडकी संपली. नाही संपली, ती घरात आली. ओटीपी जातो नोंदवलेल्या नंबरवर. आपल्याकडे कितीतरी मुलींच्या आधारला आणि प्रवेश अर्जाला नंबर जोडलेला असतो वडिलांचा, नाहीतर भावाचा. कुलूप तिच्या नावाचे, किल्ली त्यांच्या खिशात.

आता एक नवा पेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले ८(१)(जे) कलम बदलले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा हा बदल लगेच लागू झाला. आपली माहिती पाहण्या-सुधारण्याच्या हक्कांना मात्र त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पडदा आधी, हक्क नंतर! "ही वैयक्तिक माहिती आहे," असे सांगून अर्ज परत करणे आता सोपे झाले आहे. तिथे ठामपणे सांगा की मुलगी स्वतःच्या नोंदी मागते तेव्हा ती त्रयस्थ नसते. तिचा खासगीपणा तिच्याच विरुद्ध वापरता येणार नाही.

मग आपण करायचे काय? आपापल्या भागातल्या कॉलेजांत शिष्टमंडळ घेऊन जाऊ आणि तीन गोष्टी लेखी मागू. सज्ञान विद्यार्थिनीला तिच्या एकटीच्या सहीवर कागद मिळावेत. तिच्या लेखी संमतीशिवाय गुण, हजेरी, पत्ता कोणालाही कळवू नये, बाप असो, भाऊ असो की नवरा. फलकावर जात आणि फोन नंबर लागू नयेत. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी नकार आला तर तो लिहून मागा, लिहायची वेळ आली की पुष्कळ नकार विरघळतात. विद्यापीठ, सरकारी किंवा भरीव अनुदानावर चालणारे कॉलेज असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

कागद सासरी किंवा माहेरी अडकवून ठेवले असतील तर "हरवले" अशी खोटी तक्रार करायला मुलींना सांगू नका. ते हरवलेले नाहीत, हिसकावलेले आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १९(८) खाली पीडित स्त्रीचे स्त्रीधन, मालमत्ता, मौल्यवान दस्त परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. दागिन्यांच्या यादीत आपण प्रमाणपत्रे लिहायला विसरतो. यापुढे ती पहिल्या ओळीत लिहू या. दागिने विकून चार महिने निघतात, पदवीवर आयुष्य निघते.

दर ३ जानेवारीला हीच कॉलेजे सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतात. घालू देत. पण त्या दिवशी भाषण ऐकून घरी न जाता आपण थोडे पुढे, त्या खिडकीपर्यंत जाऊ. आणि विचारू : ती शिकली, परीक्षा तिने दिली, मग सही बापाची कशाला?