ऑपरेशन छोटे, भीती मोठी

बुटीबोरीच्या एमआयडीसीत सेफ्टी बूट घालून दिवसभर उभे राहणाऱ्या आमच्या बांधवांना नख रुतणे, कुरूप होणे नवे नाही. डॉक्टर ‘छोटे ऑपरेशन’ म्हणाले, की झोप उडते. कोणी घरीच ब्लेड चालवतो. मधुमेह असेल तर त्यात बोटही गमवावे लागते.

बंधू-भगिनींनो, सुई टोचताना दुखते, मग बोट बधिर होते. माणूस शुद्धीवर असतो, बहुधा त्याच दिवशी घरी येतो. साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅलर्जी डॉक्टरांपासून लपवू नका. संमतीपत्र वाचून, समजून सही करा. ते मृत्युपत्र नव्हे, आपला हक्क आहे. मजुरी बुडण्याची धास्ती असेल तर कामगार विम्याचे कार्ड काढा. वर्गणी पुरेशी भरली असल्यास आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो.

देवदत्ताने लोटलेल्या शिळेच्या कपचीने तथागतांचे पाऊल जखमी झाले, तेव्हा त्यांनीही जीवक वैद्याचे उपचार घेतले, असे पालि परंपरा सांगते. भीती वाटण्यात कमीपणा नाही. अंगारे-धुपारे करीत दिवस घालवणे मात्र बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

जयभीम!