विश्लेषण : नेसरीतील नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ महत्त्वाचा का?

एखादा विषय आवडतो-झेपतो का, हे प्रवेशाआधीच पाहता यावे म्हणून ब्रिटनमधील विद्यापीठे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग भरवतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा उपक्रम म्हणजे २०१९ पासूनचा इस्रोचा ‘युविका’. नववीतील निवडक मुले सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकतात. प्रवास, निवास, भोजनाचा खर्च इस्रोचा.

निवड कशी होते?

आठवीच्या गुणांना ५० टक्के, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १० टक्के भारांक. पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकणाऱ्याला मात्र थेट १५ टक्के. एरवी आडवा येणारा गावचा पत्ता इथे प्रश्नमंजूषेहून भारी ठरतो! पण भारांक घराला नाही, शाळेला आहे. नेसरीत राहून गडहिंग्लज शहरातील शाळेत जाणाऱ्याला तो मिळत नाही.

अडचण कुठे?

१ जानेवारीला नववीत असणे ही अट. म्हणजे संधी एकदाच. २०२५ मध्ये अर्जाची मुदत २४ फेब्रुवारी ते २३ मार्च होती. नेमकी दहावीच्या परीक्षेची धामधूम. त्यात मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्रही लागते, तेव्हा पालकांनी जानेवारीतच शाळेत विचारलेले बरे. त्यानंतरचे ‘इन्स्पायर’ शिबिर अकरावी विज्ञानाला, तेही दहावीत अव्वल एक टक्क्यात आलेल्यांनाच.