बुरुजाकडे जाणारी पाटी कधी लागणार?

"नवी मुंबईला कुठला आलाय इतिहास!" परवा सोसायटीच्या सभेत हे वाक्य पुन्हा ऐकले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. विषय होता मुलांच्या सहलीचा. रायगड एका दिवसात होत नाही, मग मॉलच बरा, असे ठरत आले होते. मी बेलापूरचा किल्ला सुचवला, तर निम्म्या सभासदांना तो कुठे आहे हेच माहीत नव्हते. यातलेच कितीतरी जण 26 जानेवारीला पोराबाळांसह महापालिका मुख्यालयाची रोषणाई बघून आले होते. ते मुख्यालय उभे आहे किल्ले गावठाणाच्या चौकात, आणि किल्ला तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रोषणाईबद्दल माझ्या मनात काडीचाही आकस नाही. 2014 साली सुरू झालेली ती इमारत देखणी आहे, तिचा घुमट पाम बीच रस्त्याने येताना लांबून ओळखू येतो. लोक तिथे जातात, कारण तिथे त्यांना बोलावलेले असते. दिवे आहेत, उभे राहायला मोकळी जागा आहे, रस्ता सरळ दारापर्यंत नेतो. आता त्याच चौकातून किल्ल्याकडे वळा. विचारत विचारत जावे लागते. रिक्षावाला विचारतो, "किल्ला? म्हणजे गावात?" उरलेला बुरूज गाठेपर्यंत आपण चुकीच्या वाटेला लागलो की काय, असे दोनदा तरी वाटते. एकच परिसर, एकच महापालिका, आणि दहा-बारा वर्षांच्या भिंतीला जे मिळते ते चार शतकांहून जुन्या भिंतीला मिळत नाही. लोकांना इतिहासाची आवड नाही, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे भांडण आहे. आवड नंतर लागते, आधी वाट लागते. बुरुजाला साधी पायवाट आणि दोन दिवे द्या, महिनाभरात तिथे संध्याकाळची वर्दळ सुरू होईल, हे मी पैजेवर सांगतो.

हा किल्ला इथेच का, हे बुरुजापाशी उभे राहिले की आपोआप कळते. समोर पनवेल खाडीचे तोंड. घाटावरून बोरघाटाने उतरणारा माल पनवेल बंदरात यायचा आणि गलबतांतून याच पाण्याने पुढे जायचा. इथे बसलेल्याच्या नजरेतून एकही होडी सुटत नसे. सोळाव्या शतकात सिद्दीने किल्ला बांधला. पुढे पोर्तुगीज, अठराव्या शतकात मराठे आणि 1817 मध्ये इंग्रज, अशी त्यासाठी झुंज चालली. चिमाजी अप्पांनी किल्ला हाती आला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाचा हार वाहीन, असा नवस बोलला होता, अशी कथा आहे. कोकण किनाऱ्याच्या राजकारणाचा अख्खा धडा एका लहानशा टेकाडावर मावतो, आणि आपल्या शाळांच्या बस तिथून वळसा घालून निघून जातात.

बुरूज जवळून पाहा. दगडांच्या सांध्यांत पिंपळ शिरला आहे. पावसाळ्यात मूळ जाड होते, सांध्यातला चुना भुसभुशीत होऊन गळतो आणि दगड पुढे सरकायला लागतो. एखाद्या समारंभाआधी कोणी येऊन वरवर फांद्या छाटल्या, तर पुढच्या पावसात दुप्पट फूट येते. मूळ मारावे लागते आणि सांधा चुन्यानेच भरावा लागतो. सिमेंट भरले तर ओल आत कोंडते आणि दगडच फुटतो. संवर्धनाच्या घोषणा झाल्या, आराखडे झाले. पिंपळाने आराखड्याची वाट पाहिली नाही.

आणि बेलापूर म्हणजे फक्त किल्ला नव्हे. लगतच्या दिवाळे कोळीवाड्यातले कोळी बांधव दिवाळीत होड्या घेऊन घारापुरीच्या बाजूला जातात, पाण्यातून बहिरीदेवाला वर काढतात, गाजतवाजत गावात आणतात आणि सोहळा झाला की पुन्हा पाण्यात ठेवतात. असा उत्सव दुसऱ्या देशात असता तर जग बघायला आले असते. पलीकडे सेक्टर आठमध्ये चार्ल्स कोरिया यांचे आर्टिस्ट व्हिलेज आहे. अंगणाभोवती सात-सात घरांचे पुंजके, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याला लागलेली नाही, म्हणजे पैसे जमतील तसे घर वाढवता यावे. देशोदेशीचे वास्तुकलेचे विद्यार्थी ते अभ्यासतात. खाडीच्या पलीकडे नवे शहर वसवा, हे 1960 च्या दशकात सुचवणाऱ्या तिघांपैकी कोरिया एक. त्या वस्तीतली मूळ घरे एकेक करून पडत आहेत.

नेहमीचे वाचक ओळखतील की आता मी पाटी, पाणी आणि स्वच्छतागृहावर येणार. येणारच. स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळवलेल्या शहराला एका बुरुजापाशी स्वच्छतागृह बांधणे जड नाही. बेलापूरला रेल्वे आहे, 2023 पासून मेट्रो आहे, खाडीवर जेट्टी आहे. माणूस स्थानकापर्यंत सुखरूप येतो आणि पुढे त्याला कोणी काही सांगत नाही. स्थानकाबाहेर एक मराठी नकाशा लावा: किल्ला, अमृतेश्वर, दिवाळे, आर्टिस्ट व्हिलेज. गावातल्या चार तरुणांना माहिती सांगायला शिकवा, त्याचे मानधन द्या. यातले काहीही आराखड्यासाठी अडून राहण्यासारखे नाही.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने आणि महापालिकेने हद्द कोणाची हा वाद नंतर सावकाश घालावा, पण पावसाळ्याआधी तो पिंपळ मुळासकट काढावा. आणि वाचकहो, तुम्ही पाटीची वाट पाहू नका. या रविवारी ऊन चढायच्या आत मुलांना घेऊन किल्ले गावठाणात जा. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो वाट दाखवेल.