मधली अडीच वर्षे

२०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपते तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचे असते. अंगणवाडीत बसायला त्याला तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मधल्या अडीच वर्षांत त्याला कोणी सांभाळायचे, हे आपण प्रत्येक घरावर सोडून दिले आहे, आणि घराने ते आईवर.

समजा, डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईचा पगार ३० हजार आहे आणि पाळणाघराचे नऊ हजार जातात. लोकल रखडली की पाळणाघराचे जादा तास लागतात. मूल तापले की पाळणाघर त्याला घेत नाही, त्या दिवशी बिनपगारी रजा. मग महिनाअखेरीस घरात कोणीतरी विचारते, ‘एवढं करून तुझ्या हातात राहतं काय? त्यापेक्षा घरीच का थांबत नाहीस?’ पाळणाघराची फी नेहमी तिच्याच पगारातून वजा होते, नवऱ्याच्या नाही. नोकरी सोडल्यावर बुडणारी वेतनवाढ, भविष्यनिर्वाह निधी, सेवाज्येष्ठता आणि तीन वर्षांनी खालच्या पगारावर करावी लागणारी नवी सुरुवात तर त्या हिशेबात कोणी धरतच नाही. ज्यांना परवडत नाही ते गावाहून आजीला बोलावतात. तिकडे आजोबा एकटे हाताने भाकरी थापतात, इकडे आजी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवस काढते. तिच्या या कष्टांना आपण माया म्हणतो आणि खर्चाच्या वहीत ते कधी लिहीत नाही.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. तान्ही मुले एका बाईला चार-पाचच नीट सांभाळता येतात. जागेचे भाडे, मदतनीस मावशींचा पगार आणि दूध-खाऊ काढून त्यांच्याही हाती फार उरत नाही. फी कमी केली तर मुलांची गर्दी वाढवावी लागते किंवा मावशींचा पगार कापावा लागतो. आईबापांना याहून जास्त देणे जमत नाही आणि ताईंना याहून कमी घेणे. हा फरक सार्वजनिक पैशानेच भरून निघू शकतो.

कायद्याने हा भार मालकावर टाकून पाहिला. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता आले पाहिजे, अशी तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे. पण छोट्या दुकानात, दवाखान्यात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बाईला ती लागू होत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी तर तिच्या खिजगणतीतही नाही. तिचे धाकटे मूल थोरल्या मुलीच्या कडेवर असते आणि त्या मुलीची शाळा बुडते. शिवाय रजेचा आणि पाळणाघराचा सगळा खर्च एकट्या मालकावर आला की नव्याने लग्न झालेल्या मुलीला नोकरी देतानाच तो मागेपुढे पाहतो.

गरज सरकारला ठाऊक नाही असे नाही. महाराष्ट्राने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. केंद्राची ‘पाळणा’ योजना सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी आहे, म्हणजे नेमक्या या मधल्या वर्षांतली मुले तिच्यात बसतात. पण देशात अंगणवाड्या सुमारे १४ लाख, आणि त्यांना जोडून पाळणाघरे उघडण्याचे उद्दिष्ट १७ हजारांचे. ऐंशी अंगणवाड्यांमागे एकसुद्धा नीट भरत नाही. त्यातही वेळ साडेसात तासांची. कल्याण-विरारहून येणारी बाई प्रवास धरून दहा-अकरा तास घराबाहेर असते, तिने उरलेल्या वेळात मूल कुठे ठेवावे?

राज्याने सुरुवात महापालिकांच्या हद्दीतून करावी. स्टेशनांजवळ आणि वस्त्यांमध्ये पालिकेच्या रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या यासाठी घ्याव्यात, सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत दोन पाळ्यांत पाळणाघरे चालवावीत, फी आईबापांच्या मिळकतीनुसार ठेवावी, आणि तिथे मुले सांभाळणाऱ्या बायकांना मानधनावर न राबवता किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी द्यावा. येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद हवी.