बंद यंत्रातील जिवंत वीज

साखर कारखान्याचा गळीत हंगाम आटोपला, की गव्हाण शांत होते आणि दुरुस्तीची कामे सुरू होतात. बाहेरच्या माणसाला हा काळ विश्रांतीचा वाटतो. विजेच्या दृष्टीने मात्र तो अधिक जोखमीचा असतो. हंगामात ज्या पॅनेलचे दार उघडण्याचे कारण पडत नाही, त्या पॅनेलच्या आत या चार-सहा महिन्यांत माणसांचे हात जातात. आणि त्यांतील बरेचसे हात कंत्राटी असतात.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, विजेच्या मोटारींना नवखा नाही. क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या, आताच्या सीजी पॉवरच्या, मोटारी येथे तयार होतात. लार्सन अँड टुब्रोने येथे उभारलेला स्विचगिअरचा कारखाना २०२० मध्ये श्नायडर समूहाकडे गेला. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींतील लहानमोठ्या कारखान्यांत मोटारीचा वेग हवा तसा कमीजास्त करणारे ‘ड्राइव्ह’ आता सर्रास दिसतात. साखर कारखानदारीतील बदल तर याहूनही मोठा आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा उसाचे गाळप वाफेच्या बळावर होत असे. पुढे सहवीजनिर्मिती आली. गाळपाच्या यंत्रांवर खर्च होणारी वाफ वाचवून ती वीजनिर्मितीच्या टर्बाइनला दिली, तर विकायला अधिक वीज उरते, हे गणित पटल्यावर अनेक कारखान्यांत वाफेची यंत्रे गेली आणि त्यांच्या जागी मोटारी व ड्राइव्ह आले. आर्थिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. पण त्याबरोबर धोक्याचे स्वरूपही बदलले, याची जाणीव तितक्या वेगाने पोहोचलेली नाही.

वाफेचा धोका दिसतो, ऐकू येतो. जुन्या स्टार्टरवर चालणारी मोटारही तशी प्रामाणिक. मेन स्विच ओढला, की वीज गेली. ड्राइव्हचे तसे नाही. तो ४१५ व्होल्टची तीन फेजची वीज आधी एकदिश, म्हणजे डीसी करतो, ती कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग तीतून हव्या त्या वारंवारितेची वीज मोटारीला पुरवतो. या साठ्याचा दाब साधारण ५६० ते ५९० व्होल्ट असतो. मेन स्विच बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. ड्राइव्हच्या आकारानुसार ५ ते १५ मिनिटे थांबा, असे उत्पादक सांगतात, तेही आतील विद्युतभार उतरवणारी यंत्रणा धड असेल तरच. डिस्प्ले विझला म्हणजे आतील वीज संपली, ही समजूत जीवघेणी आहे.

आणि हाती साधन कोणते? बहुतेक वायरमनच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर असतो. त्याचा दिवा पेटण्यासाठी प्रवाहाला माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाट मिळावी लागते. पुरवठ्यापासून तोडलेल्या कपॅसिटरचा जमिनीशी तसा संबंध राहत नाही; साहजिकच आत शेकडो व्होल्ट असूनही टेस्टर मुका राहू शकतो. येथे योग्य क्षमतेचा मीटर डीसीवर लावून मोजण्यास पर्याय नाही, आणि तो मीटर शाबूत आहे याची खात्री आधी ज्ञात पुरवठ्यावर करून घ्यावी लागते. पाच मिनिटांचे हे काम घाईत पहिल्यांदा वगळले जाते.

दुसरा घोटाळा ‘स्टॉप’ या शब्दाचा. पॅनेलवरचे लाल बटण मोटार थांबवते, वीज तोडत नाही. नव्या ड्राइव्हमधील सुरक्षित थांब्याची सोयदेखील मोटारीचा जोर काढून घेते. जोडटोकांवरचा दाब तसाच राहू शकतो. शिवाय वीज येताच किंवा बिघाडाची नोंद पुसली जाताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी मांडणी ड्राइव्हमध्ये करता येते. दूरच्या नियंत्रण कक्षात बसलेला ऑपरेटर समोर कोण उभे आहे हे न पाहता आज्ञा देऊ शकतो. साखरेच्या सेंट्रिफ्युगल यंत्राची जड टोपली फिरत असताना मोटारच जनित्र बनून वीज मागे ढकलते, तो प्रकार आणखी वेगळा.

कायदा या बाबतीत मागासलेला आहे, असे म्हणता येणार नाही. कोणत्याही वाहकाला वा उपकरणाला हात लावण्यापूर्वी अर्थिंग करून किंवा अन्य योग्य मार्गाने त्यातील विद्युतभार उतरवून घ्यावा, असे भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच नमूद होते. त्यांच्या जागी आलेल्या २०१० व २०२३ च्या विनियमांतही ही तरतूद टिकून आहे. कामगार कायद्याचे चित्र मात्र पालटले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. मूळ अधिनियमात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची अट होती; संहितेत ती २० आहे. नागापुरातील बारा-पंधरा कामगारांची कार्यशाळा संहितेच्या कक्षेत राहते, पण ‘कारखाना’ म्हणून नव्हे. विजेचे विनियम मात्र डोकी मोजत नाहीत. अडचण अशी, की विनियम विद्युत निरीक्षकांकडे आणि कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. उघड्या पॅनेलसमोर उभा असलेला माणूस या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो.

एक विसंगती तर सहज दूर करता येण्यासारखी आहे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे, याच्या सूचना स्थानिक भाषेत लावण्याची सक्ती १९५६ च्या नियमांत होती. म्हणून मराठी तक्ते भिंतींवर दिसतात. धक्का बसू नये म्हणून ‘इतकी मिनिटे थांबा’ असे सांगणारी ड्राइव्हवरची चिकटपट्टी मात्र बहुधा इंग्रजीत असते, तीही बारीक अक्षरांत. पॅनेलच्या दारावर मराठीत आणि हिंदीत तो आकडा ठळक रंगवायला फारसा खर्च येणार नाही. त्याहून महत्त्वाचे आहे ते कुलूप. मेन स्विच बंद करून त्याला प्रत्येक कामगाराने स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, ही पद्धत मोठ्या कंपन्यांत रुळलेली आहे. कंत्राटी माणसाला मात्र अनेकदा पाना मिळतो, कुलूप मिळत नाही. ४ मार्चला, म्हणजे हंगामाच्या अखेरीस, राष्ट्रीय सुरक्षा दिनी कारखान्यांत शपथ घेतली जाते. दुरुस्तीची कंत्राटी टोळी बऱ्याचदा त्यानंतर दाखल होते, आणि शपथ तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हा प्रश्न आता कारखान्याच्या फाटकाबाहेरही आला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या २०२४ च्या योजनेतील एसी पंपांच्या नियंत्रकात याच जातीचा ड्राइव्ह असतो. फरक इतकाच, की तेथे पुरवठा महावितरणचा नसून सूर्याचा असतो. नियंत्रक बंद केला, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. फ्यूज काढला की वीज गेली, हे वर्षानुवर्षांचे गणित शेतकऱ्याच्या डोक्यात पक्के आहे. पंप बसवून देणारा माणूस ते गणित येथे चालत नाही हे सांगतो का, हे अद्याप त्या त्या माणसावरच सोडलेले आहे.