त्या किनाऱ्याला मालक आहेत

कोरियातलं समुद्रकाठचं एखादं निवांत मच्छीमार गाव पाहून यावं, ही हौस आता मराठी घरांतही रुजली आहे आणि तिचं बरंचसं श्रेय कोरियन मालिकांना जातं. 2021 ची ‘होमटाउन चा-चा-चा’ पोहांगच्या किनाऱ्यावर चित्रित झाली. मागोमाग लोक तिथे लोटले आणि मालिकेत दिसलेली घरं खाजगी आहेत, तिथे जाऊ नका, असं आवाहन निर्मात्यांनाच करावं लागलं. हा केवळ पाहुण्यांच्या शिस्तीचा प्रश्न मानला तर मुख्य गोष्ट नजरेआड होते. अशा गावाचा किनारा ही तिथल्या लोकांची सामाईक रोजीरोटी आहे. पाहुण्याने जरूर जावं, पण गावाच्या अटी पाळून आणि गावाच्या हाती पैसे देऊन.

कोरियातल्या गावोगावच्या मच्छीमार संघटनांना ‘ऑचोनग्ये’ म्हणतात. 1962 च्या मत्स्य सहकारी कायद्याने त्यांना अधिकृत स्थान दिलं आणि आज त्या सुमारे दोन हजार आहेत. गावालगतच्या उथळ समुद्रातले शिंपले, शंख, शेवाळ काढण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतो आणि त्याबरोबर राखणीची जबाबदारीही येते. मालवणच्या रापणीत ओढणाऱ्याला वाटा मिळतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला न्याय वेगळा समजावून सांगायला नको. जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे प्राणवायूच्या टाकीशिवाय एका दमात बुडी मारणाऱ्या बायका, उन्हाळ्यात शंखांच्या विणीच्या दिवसांत ते काढत नाहीत; एरवीही सात सेंटिमीटरपेक्षा लहान शंख समुद्रातच राहू द्यायचा असतो. काही गावांत काठाजवळचा उथळ पट्टा आज्यांसाठी राखलेला असतो. खोल पाण्यात ज्यांचा दम पुरत नाही त्या म्हाताऱ्यांनी तिथे वेचायचं, तरण्यांनी पुढे जायचं. 2016 मध्ये युनेस्कोने हेन्यो संस्कृतीचा वारसा यादीत समावेश केला, तेव्हा बुडीच्या कसबाइतकंच या वाटून घेण्यालाही मोल होतं. रात्रीच्या ओहोटीला विजेरी आणि पिशवी घेऊन हौशी माणसं याच पट्ट्यात उतरतात, तेव्हा कुणीतरी महिनोन्महिने हात आवरून राखलेलं एका रात्रीत उचललं जातं. त्यावरून जेजूत वाद पेटले आणि प्रशासनाला रात्रीच्या वेचणीवर निर्बंध घालावे लागले.

समुद्र सगळ्यांचा आहे, असं यावर म्हटलं जाईल. पोहायला, वाळूत बसायला, पाहायला तो सगळ्यांचाच आहे. पण जिथे संघटना शिंपल्यांचं बीज सोडते आणि वाढीची वाट पाहते, तिथलं पीक सगळ्यांचं कसं होईल? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही गावं ओस पडत चालली आहेत, त्यांना पाहुणे हवेतच. हे खरं आहे. कोरियातल्या मच्छीमार कुटुंबांची लोकसंख्या एक लाखाच्या खाली आली आहे आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक पासष्टीपुढचे आहेत. आपल्याला भुरळ घालणारी शांतता बऱ्याच अंशी तरुण निघून गेल्याची आहे, आणि हे मला अस्वस्थ करतं. सरकारने 2019 पासून तीनशे लहान बंदरं आणि गावं सुधारायला घेतली, पण नुसत्या नव्या धक्क्याने मुलं परतत नाहीत. बाहेरच्या मालकाने थाटलेल्या समुद्रदर्शनी कॅफेतून शंख वेचणाऱ्या आजीला काय मिळतं?

ह्वासोंगजवळच्या बेंग्मी-रीसारख्या गावांत मात्र संघटनाच पाहुण्यांची व्यवस्था पाहते. माणशी पैसे भरायचे, गुडघाभर बूट चढवायचे, ओहोटीच्या चिखलात ठरलेल्या हद्दीतच खणायचं. पश्चिम किनाऱ्यावर लांबट शिंपला पकडायची रीत तर पाहण्यासारखी आहे: त्याच्या बिळात चिमूटभर मीठ टाकलं की तो आपसूक वर उसळतो. हे शिकवतो तो गावचाच माणूस, आणि पैसा गावातच राहतो.

या संघटना नव्या माणसाला सहजासहजी आत घेत नाहीत, प्रवेशशुल्क आणि वास्तव्याच्या अटी जाचक ठेवतात, ही तक्रार कोरियातही आहे. ती रास्त आहे. तरुणांना गावात यायचं असेल तर हे दार रुंद व्हायलाच हवं. पण ते गावात राहून राबणाऱ्यासाठी. दोन दिवसांच्या पाहुण्याला त्याने वेचणीचा हक्क मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या यात्रा कंपन्यांनी सोल, बुसान, जेजूच्या फेरीत अशा एखाद्या संघटनेच्या गावासाठी अर्धा दिवस ठेवावा, त्याचे पैसे थेट तिला द्यावेत आणि निघण्याआधीच प्रवाशांना सांगावं, की किनाऱ्यावरचा एकही शंख परवानगीशिवाय उचलायचा नाही.