बाईचं पोट म्हणजे नुसती पिशवी नव्हे

बाईचं पोट दुखलं की आपल्याकडे दोनच निदानं होतात. ती तरुण आणि गरीब असेल तर 'ॲसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका.' मुलं झालेली असतील आणि घरात चार पैसे निघण्यासारखे असतील तर 'पिशवी खराब झालीय, काढून टाका.' या दोहोंच्या मधे जठर, पित्ताशय, लहान आतडं, मोठं आतडं असं बरंच काही असतं. ते कोण तपासतं, हा माझा सवाल आहे.

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिडकोतल्या वस्त्यांत आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जाणाऱ्या बायांत मी बैठका घेते. 'डॉक्टरच्या चिठ्ठ्या घेऊन या' म्हटलं की पिशव्या भरून येतात. बहुतेक चिठ्ठ्यांत तेच: ॲसिडिटीची कॅप्सूल, दुखण्याची गोळी, टॉनिक, वरून सलाईन. 'पोटावर हात ठेवून तपासलं का गं?' असं विचारलं तर बाया हसतात. कंबरदुखीसाठी उपाशीपोटी महिनोन् महिने घेतलेली गोळीच जठराला जखम करू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. जखम करणारी गोळी आणि जखमेवरची गोळी एकाच चिठ्ठीवर!

'टेन्शन' या शब्दाचा इतिहासही तपासून घेऊ. जठरातला अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो, असं डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्या शिकल्या. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुसंख्य अल्सरमागे एक जंतू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. या जंतूची तपासणी होते, आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो बहुधा जातो. तरीही आमच्या बायांना आजही 'जास्त विचार करू नका' हाच सल्ला! बाईच्या दुखण्याला स्वभावदोष ठरवलं की तपासणीचा खर्चही वाचतो आणि वेळही.

दुसरं निदान तर थेट सुरीच चालवतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीजणींच्या आतड्याची आधी चौकशी झाली असेल?

इथे चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. १९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास जगापुढे मांडला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. त्या अभ्यासानं बाईच्या मुक्या दुखण्याला वाचा फोडली. पण आपल्या शिबिरांत भिंतीवर चित्र लागतं ते गर्भाशयाचंच. बाई म्हणजे फक्त जननी नव्हे, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग तिचं पोट म्हणजे फक्त गर्भाशय, हे शिबिरात का चालवून घेतो?

म्हणून गटागटांत निदान एवढं तरी पाठ असू दे. बेंबीच्या वर जळजळ, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं: अल्सरची शंका घ्या. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत किंवा खांद्यात जाते: पित्ताशयातले खडे, आणि ते बायांत अधिक. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, ताप, उलटी: अपेंडिक्स. पण पाळी चुकली असेल तर गर्भ नळीत राहिल्याचीही शक्यता असते, म्हणून तात्काळ दवाखाना गाठा. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, शौचाला झाल्यावर आराम, वजन मात्र टिकून: आतड्याचा हळवेपणा, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. बारीक ताप, घटणारं वजन, महिनोन् महिने पोटदुखी: आतड्याचा क्षयही असू शकतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच म्हणजे आत रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट होत नाही. शौचातून लाल रक्त गेलं तर न तपासता 'मूळव्याध' म्हणून सोडून देऊ नका. आणि घाम, धाप यांसह वरच्या पोटात दाटून आलं तर सोडा पीत बसू नका; बाईचा हार्ट अटॅक असाही येतो.

हे निदान नव्हे. ते डॉक्टरांचं काम, आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायचं आपलं. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी सांगते, पोट चाचपायला फार वेळ लागत नाही, आणि पडदा लावायला बजेट लागत नाही.

'वेळेवर जेवा, भरपूर पाणी प्या' हा उपदेशही पुरे झाला. सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाणाऱ्या बाईनं वेळेवर जेवायचं कधी? बागेत आडोसा नाही, कांद्याच्या खळ्यावर संडास नाही, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणारीला बद्धकोष्ठ होणारच. त्यावर चूर्ण नको, संडास हवा.

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या साध्या आहेत. पडद्याआड, पोटावर हात ठेवून तपासणी. दीर्घ दुखण्यात हिमोग्लोबिन आणि शौचतपासणी. गरज पडल्यास सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, तीही सरकारी दवाखान्यात. पिशवी काढायला सांगितली तर कारण लेखी, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत. आपले कागद आपल्या हातात: डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेच लागतात.

पुढच्या बैठकीत गर्भाशयाच्या चित्राशेजारी जठर-आतड्याचंही चित्र लावा. आणि दवाखान्यात एकटीनं जाऊ नका; दोघी-तिघी जा, आणि डॉक्टरांना विचारा, 'आधी तपासलंत का?'